दहावीनंतर सायन्स की आर्ट्स? साईड नंतर, आधी विषय ठरवा

दहावीचा निकाल लागला की पेढे वाटायच्या आधी प्रश्न येतो, "मग, कोणती साईड?" आणि मूल तोंड उघडायच्या आत कुणीतरी काका उत्तर देऊन मोकळे होतात, "पंच्याऐंशी पडलेत ना, मग सायन्सच." मी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवते आणि दर वर्षी अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या दिवसात मदत कक्षावर बसते, फॉर्म भरून द्यायला. समोर मूल, शेजारी आई किंवा बाबा, हातात झेरॉक्सची फाईल. मी विचारते काय घ्यायचंय, तर मूल बाबांकडे बघतं. हे इतक्यांदा बघितलंय की आता सगळं एकदा नीट लिहूनच काढते. मी स्वतः बारावी सायन्स केलेली आहे आणि मग बीएला गेले, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं बघितलंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. "सायन्स की आर्ट्स" हा प्रश्नच फार मोठा आणि ढोबळ आहे, त्याचं उत्तर सोळा वर्षाच्या मुलाला येणार नाही आणि न आलं तर त्यात त्याची चूक नाही. त्याचे दोन छोटे प्रश्न करा. एक, गणित ठेवायचं की सोडायचं? दोन, रोज रात्री जेवण झाल्यावर दोन तास कोणत्या विषयाचं पुस्तक उघडून बसवेल? ह्या दोन प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली की साईड आपोआप ठरते.

पहिलं काम: टक्केवारी बाजूला ठेवा, मार्कशीट वाचा

दहावीचा जो टक्का आपण मिरवतो तो बेस्ट ऑफ फाईव्हचा असतो. सहा विषय, त्यातला सगळ्यात कमी मार्कांचा एक बाजूला, उरलेल्या पाचांचे पाचशेपैकी टक्के. म्हणजे एखाद्याला गणितात 58 आहेत आणि बाकी सगळीकडे नव्वदी, तर त्याचा टक्का नव्वदीतच दिसणार, गणित त्यात मोजलेलंच नाही! शिवाय चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे किंवा खेळाचे वाढीव मार्क असतील तर ते वेगळे. ते कष्टाचेच मार्क आहेत, पण अकरावीच्या फिजिक्सला त्यांचा उपयोग नाही.

आता आणखी एक. गणिताच्या शंभरात 40 भाग एकचे म्हणजे बीजगणिताचे, 40 भाग दोनचे म्हणजे भूमितीचे, आणि 20 शाळेच्या हातातले, अंतर्गत मूल्यमापनाचे. विज्ञानाचंही तसंच, 40 अधिक 40 अधिक 20. हे शाळेचे वीस बहुतेक शाळांत जवळजवळ सगळ्यांनाच भरभरून मिळतात. म्हणून ते वजा करा आणि ऐंशीपैकी किती राहतात ते बघा. 78 मधले 19 गेले तर 59 उरले, ऐंशीपैकी. हा आकडा खरा. त्याच्या जोडीला प्रीलिमचे पेपर काढा, रद्दीत गेले नसतील तर, आणि बघा की गणितात मार्क कुठे गेले. आकडेमोडीत चुकून गेले असतील तर काळजी करू नका, ते सरावाने सुधारतं. पण शाब्दिक उदाहरणं कोरीच सोडली असतील, भूमितीची सिद्धता पाठ करून लिहिली असेल आणि आकृतीतली अक्षरं बदलली की अडलं असेल, तर अकरावीच्या गणितात तेच दुखणं चौपट होऊन येतं. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, फक्त आधी माहीत असावं.

दुसरं काम: तीन संध्याकाळी पुस्तकं उघडून बसा

माझं सगळ्यात आवडतं काम हे. पैसे लागत नाहीत, कुणाचा सल्ला लागत नाही. मध्यंतरी काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घ्यायचे, आता खासगीवाले हजारो रुपये घेऊन रंगीत अहवाल देतात, ते करायचं असेल तर करा, पण त्याच्या आधी हे करा.

बालभारतीच्या ई-बालभारती साईटवर अकरावीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. फिजिक्स, केमिस्ट्री किंवा बायो, गणिताचं 'कला आणि विज्ञान' लिहिलेलं पुस्तक, आणि आर्ट्सकडची इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र यातली दोन-तीन उतरवून घ्या. मोबाईलवर वाचू नका, वीस-वीस पानांची प्रिंट काढा. मग पहिल्या संध्याकाळी फिजिक्स, दुसऱ्या संध्याकाळी गणित, तिसऱ्या संध्याकाळी आर्ट्सचा एक विषय, प्रत्येकी दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत.

फिजिक्सचं दुसरंच प्रकरण घ्या, मॅथेमॅटिकल मेथड्स. त्यात व्हेक्टर आहेत, बाणांची बेरीज, आणि पुढे थोडं कॅल्क्युलस. कुणी शिकवलेलं नाही म्हणजे सगळं कळणार नाहीच, ते अपेक्षितच नाही. बघायचं काय तर अडल्यावर आपण काय करतो. माझ्या आत्येबहिणीच्या मुलीला मी हे करायला लावलं, आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पहिला अर्धा तास ती नुसती चिडली. मग तिने वहीच्या मागच्या पानावर दोन बाण काढले, एक आडवा एक तिरपा, समांतरभुज चौकोन पूर्ण केला, कर्ण काढला, पट्टीने मोजला, आणि सूत्राने येणारं उत्तर अन् पट्टीचं उत्तर जुळतंय का ते ताडून बघायला लागली. जुळलं नाही. तिने कोन चुकीचा मोजला होता. चहा ठेवला होता तो गार झाला, तिला हाक मारली तर "थांब ना मावशी" म्हणाली. मला तिथेच उत्तर मिळालं, तिला मिळायला अजून दोन दिवस लागले.

दुसरा एक मुलगा, माझ्या मैत्रिणीचा. फिजिक्सला पंचवीस मिनिटांत जांभया, गणिताला "उद्या बघतो". पण इतिहासाचं पहिलं प्रकरण, भारतातल्या आद्य शेतकऱ्यांचं, ते वाचून झाल्यावर मला फोन, की मावशी हे लोक धान्य साठवायचे हे आत्ता कसं कळतं, भांडं तर फुटलेलं सापडतं. मी त्याला जळक्या दाण्यांबद्दल सांगितलं, की जळलेलं धान्य कुजत नाही म्हणून हजारो वर्षं टिकतं, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी घोड नदीकाठी इनामगावला कितीतरी वर्षं खोदकाम करून ताम्रपाषाण काळातलं अख्खं गाव उजेडात आणलं, घरं, धान्याची कोठारं, पुरलेली माणसंसुद्धा. दुसऱ्या दिवशी तो नकाशा घेऊन बसला होता. असं मूल आर्ट्सला गेलं तर ते वाया जात नाही हो.

आणि हो, आर्ट्स म्हणजे आकड्यांपासून सुटका असं समजून येणारी मुलं अकरावीच्या अर्थशास्त्रात विभाजन मूल्यं आली की बावरतात, चतुर्थक, दशमक, शतमक, सगळी आकडेमोड आहे. मानसशास्त्रात पुढे गेलं की स्टॅटिस्टिक्स आहे. भूगोलात नकाशे आणि प्रॅक्टिकल आहे, आणि पुढे जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशांचं काम. तेव्हा "गणित नको म्हणून आर्ट्स" हे कारण पुरेसं नाही. हवं म्हणून या.

तिसरं काम: कोणत्या दाराला कोणती किल्ली

इथे सावकाश वाचा, कारण चुका इथेच होतात आणि त्या महागात पडतात. बारावीला कोणते विषय होते ह्यावर पुढची काही दारं उघडतात, काही कायमची बंद होतात.

डॉक्टरकीचं काहीही, म्हणजे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, ह्याला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो आणि 'नीट' ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. गणित लागत नाही. बीएस्सी नर्सिंगलाही हाच ग्रुप. इंजिनीअरिंगला फिजिक्स आणि गणित पाहिजेच, आणि आपल्या राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी ह्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित ग्रुप. फार्मसीला दोन्ही ग्रुप चालतात, अ‍ॅग्रीलाही पीसीएम किंवा पीसीबी (गणिताऐवजी बायो) कुठलाही ग्रुप असला तरी सीईटी देता येते. आर्किटेक्चरला फिजिक्स आणि गणित लागतं, वर नाटा ही परीक्षा, कितीतरी मुलं "चित्रं छान काढतो म्हणून आर्किटेक्ट" म्हणत आर्ट्सला बसतात आणि बारावीनंतर कळतं. एनडीए, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलात अधिकारी व्हायचा रस्ता, त्याचं असं आहे की आर्मीला कुठल्याही शाखेची बारावी चालते पण एअरफोर्स आणि नेव्हीसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित पाहिजे. तरी लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सगळ्यांनाच आहे, आर्मीवाल्यांनाही.

ज्याला कुठलीही शाखा चालते ती यादी लोकांना वाटते त्यापेक्षा लांब आहे. पाच वर्षांचं लॉ, मग ते राज्याच्या सीईटीतून असो नाहीतर क्लॅट देऊन नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत असो (आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन आहेत). हॉटेल मॅनेजमेंट. बीएफए, म्हणजे चित्र-शिल्पकलेची पदवी, मुंबईचं सर जे. जे. वगैरे, त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते. डिझाईनसाठी एनआयडी ह्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची परीक्षा आणि आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, दोन्हीला आर्ट्सची मुलं बसू शकतात, हे तर मदत कक्षावर मी सांगते तेव्हा पालकांना खरंच वाटत नाही. शिक्षक व्हायचं तर डीएलएड. समाजकार्याचं बीएसडब्ल्यू. परकीय भाषा, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा विभाग आहे, जर्मन, फ्रेंच, जपानी असं बरंच काही चालतं. आणि यूपीएससी, एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, बहुतेक पदांना कुठलीही चालते.

आता मधली एक जागा आहे जी कुणी सांगतच नाही. आर्ट्स घेऊन गणित ठेवता येतं. बोर्डाचं अकरावी-बारावीचं गणिताचं पुस्तकच 'कला आणि विज्ञान' असं दोघांचं मिळून आहे, कॉमर्सचं वेगळं. अर्थशास्त्र आवडतंय, आकडेही आवडतात, पण फिजिक्स-केमिस्ट्री नको, अशा मुलासाठी अर्थशास्त्र, गणित, भूगोल किंवा मानसशास्त्र, राज्यशास्त्र हे एक नंबर आहे. दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला गणित लागतं, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बीस्टॅटला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीला, गणित लागतं, तिथे शाखा विचारत नाहीत, गणित विचारतात. अडचण एकच, सगळी कॉलेजं आर्ट्सला गणित देत नाहीत, कारण चार मुलांसाठी तास लावायचा कसा. म्हणून कॉलेजात जाऊन विचारायचं, "आर्ट्सला गणित आहे का, आणि गेल्या वर्षी खरंच तास झाले का?" दुसरा अर्धा प्रश्न विसरू नका.

उलट बाजूने, सायन्सला असताना गणित आणि बायो दोन्ही घ्यायचं का? पीसीएमबी म्हणतात त्याला. इंग्रजी, एक भाषा आणि हे चार, झाले सहा. ज्याला खरोखर ठरत नाहीये त्याने अकरावीला चारही ठेवावेत, दमछाक होते पण दोन्ही दारं उघडी राहतात. ज्याचं पक्कं आहे त्याने एक सोडून त्या जागी भूगोल, मानसशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, जे कॉलेजात असेल ते घ्यावं. बरीच मुलं मराठी सोडून आयटी घेतात कारण मार्क पडतात. घ्या, पण मला मनापासून वाईट वाटतं, सोळाव्या वर्षी मराठी सुटली की पुन्हा हातात येत नाही. बायफोकल म्हणजे दोनशे मार्कांचा कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा विषय, तो घेतला तर दुसरी भाषा आणि एक विषय जातो. इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांना बरा आहे, मेडिकलवाल्यांनी बायो जात नाही ना ते आधी बघावं.

जाता जाता डिप्लोमाबद्दल. ज्या मुलाला हाताने काम करायला आवडतं, मोटार खोलून बसतो, त्याला अकरावी-बारावीत कोंबायची गरज नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआय पण आहे. आणि कॉमर्स हा वेगळा आणि मोठा रस्ता आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

चौथं काम: सायन्स घेणार असाल तर भाषेचा हिशेब आधी

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी हा भाग. माझं इथेच गाडं अडलं होतं. मला दहावीला विज्ञानात चांगले मार्क होते, त्वरण, जडत्व, संवेग सगळं समजलेलं होतं. अकरावीच्या पहिल्या दिवशी सर 'मोमेंटम' म्हणाले आणि मी वहीत तो शब्द तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिला. तास संपेपर्यंत मी अजून त्याच शब्दावर होते आणि फळा दोनदा पुसून झाला होता. ते म्हणत होते ते मला येत होतं, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. असे चार महिने गेले की मूल म्हणायला लागतं "मला फिजिक्स जमत नाही", आणि ते खोटं असतं.

सेमी इंग्रजीची मुलं ह्यातून वाचतात कारण त्यांचं गणित-विज्ञान आधीच इंग्रजीतून झालेलं असतं. पूर्ण मराठीवाल्यांनी निकालाची वाट बघत बसू नका, परीक्षा संपली की एक दोनशे पानी वही करा. डावीकडे दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, उजवीकडे अकरावीच्या पुस्तकातला. रोज दहा शब्द, उच्चारासकट. सुट्टीत तीन-चारशे शब्द होतात आणि तेवढ्यात अकरावीचं बरचसं फिजिक्स-केमिस्ट्री वाचता येतं. शब्दाची अडचण आणि विषयाची अडचण ह्या वेगळ्या करून बघा, मगच ठरवा. आर्ट्सला मराठीतून शिकता येतं आणि पेपरही मराठीत लिहिता येतो, ही फार मोठी सोय आहे, पण म्हणून इंग्रजी टाळायचं नाही, कारण पुढे लॉ असो, डिझाईन असो की एमए असो, वाचायचं बरंचसं इंग्रजीत असतं.

पाचवं काम: पैशाचं आणि क्लासचं बोलणं घरात उघड करा

सायन्सचा खर्च कॉलेजच्या फीपेक्षा क्लासच्या फीमध्ये असतो. अनुदानित तुकडीची फी बऱ्याच घरांना झेपते, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यितची वेगळी, आणि एकाच कॉलेजात ह्या दोन-तीन प्रकारच्या तुकड्या असू शकतात, फॉर्ममध्ये प्रत्येकीचा कोड वेगळा असतो. क्लासचे आकडे ह्याच्या कितीतरी पट. लातूरला, पुण्याला खोली घेऊन, मेसचा डबा लावून दोन वर्षं राहणारी मुलं आहेत, त्यांच्या घरी कुणीतरी कर्ज काढलेलं असतं, आणि त्या मुलाला ते माहीत असतं. तो भार पण अभ्यासाच्या टेबलावर येऊन बसतो.

इंटिग्रेटेड नावाचा प्रकार समजून घ्या. नाव कॉलेजात, दिवसभर क्लास. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असं केलं, दोन वर्षांत ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव सोडायची खुणांची काचेची नळी, हातात धरली ती फक्त बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो प्रत्येकी 70 लेखी आणि 30 प्रॅक्टिकल असं असतं, मार्क तिला मिळाले, पण बीएस्सीला गेल्यावर पहिल्याच टायट्रेशनला रंग कधी बदलला हे तिला कळेना आणि ती रडली. ज्या मुलाला सायन्स खरंच आवडतं त्याची लॅब काढून घेऊ नका, त्याची आवड तिथेच वाढत असते.

क्लास लावायचाच तर आधी दोन डेमो तासांना बसा, बॅचमध्ये किती मुलं आहेत ते स्वतः मोजा, रोज शिकवणारे सर तेच आहेत का ते मागच्या वर्षीच्या मुलाला विचारा, आणि मध्येच सोडलं तर फी परत मिळते का ते लेखी घ्या. आमच्या घरात ही चौथी गोष्ट राहिली होती, माझ्या भावाच्या वेळी. फीचा अर्धा हप्ता गेला तो गेलाच.

मुलींच्या बाबतीत मुद्दाम सांगते. "मुलीला इंजिनीअरिंगचा खर्च कुठे करता" म्हणून तिला जबरदस्तीने आर्ट्सला टाकलेलं मी बघितलंय. 2024-25 पासून आपल्या राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून हवा. वसतिगृह, मेस, प्रवास हे उरतंच, पण फीचं कारण आता पुढे करू नये.

सहावं काम: घरी कसं सांगायचं

हे सगळं करून मुलाचं ठरलं आर्ट्स, आणि घरी सायन्सचं वारं. भांडण करून उपयोग नाही, रडूनही नाही. एक कागद घ्या, त्यावर तीन गोष्टी लिहा: कोणते चार विषय घेणार, त्यातून पदवी कोणती, आणि पदवीनंतर कामाची दोन ठिकाणं. दोन लिहायचीच, एक नाही. कारण "यूपीएससी करणार" एवढंच सांगितलं तर बाबांना काळजी वाटणं बरोबर आहे, ती परीक्षा लाखो मुलं देतात आणि जागा हजाराच्या आसपास, तेव्हा त्याच्या शेजारी लॉ, पत्रकारिता, शिक्षण, भाषांतर असं काहीतरी ठाम पाहिजे.

मग शांत वेळ बघून, "बाबा, तुम्ही मला दहा मिनिटं द्याल का, मी लिहून आणलंय." बाबा म्हणतील, "आर्ट्स करून करणार काय तू?" कागद पुढे करायचा. "हे बघा, बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ, त्याची सीईटी मेच्या आसपास असते, अभ्यास मी अकरावीपासूनच सुरू करतो. नाही लागलं तर बीए करून बीएड. आणि मी फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसलो होतो बाबा, ह्या पानाच्या पुढे नाही गेलो." ते पान दाखवायचं. माझा अनुभव असा की पालक आळशीपणाला घाबरतात, आर्ट्सला नाही. मूल स्वतः शोधून आलंय हे दिसलं की आवाज खाली येतो. आणि आई बाजूने असेल तर आईला आधी सांगा, "आई तू फक्त मध्ये बोलू नको, मला पूर्ण बोलू दे."

पालकांनाही एक हात जोडून सांगते. "ढ मुलं आर्ट्सला" हे वाक्य मुलासमोर बोलू नका. फर्ग्युसनला, झेवियर्सला, रुईयाला आर्ट्सची कटऑफ बघा एकदा, नव्वदीच्या आसपास आणि पुढे जाते. ती मुलं सायन्स मिळत नव्हतं म्हणून आलेली नाहीत.

सातवं काम: फॉर्म

2025 पासून अकरावीची ऑनलाईन केंद्रीय प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली, आधी ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा भागांतच होती. फॉर्मचे दोन भाग, पहिल्यात माहिती आणि कागदपत्रं, दुसऱ्यात पसंतीक्रम, जास्तीत जास्त 10. सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून एक नंबरवर "बघू लागतंय का" असं गंमत म्हणून काही टाकू नका. प्रत्येक ओळीत शाखा, माध्यम, अनुदानित की नाही, हे चारदा वाचा. गेल्या वर्षी एका मुलीला मराठी माध्यमाचं आर्ट्स हवं होतं आणि सायबर कॅफेवाल्याने इंग्रजी माध्यमाचा कोड टाकला होता, माझ्याकडे आली म्हणून वेळेत दुरुस्त झालं. फॉर्म स्वतः भरा, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. घरापासून कॉलेज किती लांब, एसटी किती वाजता, हेही बघा, सायन्सला प्रॅक्टिकलमुळे घरी यायला उशीर होतो आणि शेवटची गाडी चुकली की रोजचा ताप.

आणि चुकलंच तर

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कळतं. सहामाहीचे मार्क कमी आले म्हणून लगेच बदलू नका, अकरावीची सहामाही बहुतेकांची खराबच जाते. पण पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतोय, झोप गेलीय, मूल बोलायचं थांबलंय, तर ते मार्कांच्या पलीकडचं आहे, तेव्हा वाट बघू नका, आधी मुलाशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा, कॉलेजचं नंतर.

सायन्समधून आर्ट्सला येता येतं, अकरावी पास होऊन बारावीला शाखा बदलून घेणारी मुलं आमच्याकडे दर वर्षी येतात. आर्ट्समधून सायन्सला बारावीत जाता येत नाही, त्यासाठी पुन्हा अकरावीपासून सुरुवात. म्हणूनच ज्याचं मन खरोखर अर्धं-अर्धं आहे त्याला मी सायन्सने सुरुवात कर म्हणते, आणि ज्याचं आर्ट्स पक्कं आहे त्याला मात्र "दारं उघडी राहावीत" म्हणून दोन वर्षं सायन्समध्ये बसवू नका, ती दोन वर्षं त्याच्या आवडीच्या विषयाची जातात.

बदलायचं ठरलं की अकरावीचा निकाल लागायच्या आधीच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारून ठेवा, अर्ज कधी द्यायचा, बोर्डाची परवानगी कशी लागते, कोणत्या विषयांच्या तुकडीत जागा आहे. अकरावीची गुणपत्रिका, दहावीची गुणपत्रिका आणि पालकांच्या सहीचा अर्ज जवळ ठेवा. आणि मे महिन्यात अकरावी आर्ट्सची चार पुस्तकं वाचून काढा, बारावीचे शिक्षक ती झालेली आहेत असं धरूनच सुरुवात करतात. इतिहासाचं पुस्तक मिळालं नाही तर आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत मागच्या बॅचची पंधरा-वीस प्रती बांधून ठेवलेल्या असतात, तशा तुमच्याही कॉलेजात असतील, मागा.